कॅसेटची वाटणी

गांगुर्डेकाका गाणं स्क्रू-ड्रायव्हरनं ऐकतात.

माझी लिहिण्यात चूक झालेली नाही. दर रविवारी सकाळी दहा वाजता ते हॉलमधल्या टेपरेकॉर्डरसमोर ताठ उभे राहतात. लाकडी मुठीचा, फूटभर लांबीचा एक जुना स्क्रू-ड्रायव्हर घेतात, त्याचं टोक स्पीकरच्या खोक्यावर टेकवतात, मूठ उजव्या कानामागच्या हाडाला लावतात आणि डोळे मिटतात. मग डाव्या अंगठ्यानं बटण दाबतात आणि सिडकोतल्या आमच्या शांत गल्लीत गिटार आणि ड्रमचा असा धुमाकूळ सुरू होतो, की समोरच्यांची मांजर उठून गच्चीवर निघून जाते.

बारा वर्षांपूर्वी आम्ही या गल्लीत राहायला आलो. गांगुर्ड्यांची आणि आमची मधली भिंत एकच. पहिल्याच रविवारी ती भिंत थरथरायला लागली, तेव्हा मी तावातावानं तक्रार करायला गेले. मी शाळेत गणित शिकवते. आठवड्यातले सहा दिवस आरडाओरडा ऐकणं हे माझं कामच आहे, पण सातव्या दिवशी हौसेनं ऐकायची माझी तयारी नव्हती. दार काकूंनी उघडलं.

"या, या. बसा. यांचा सत्यनारायण चाललाय."

मी निमूटपणे चपला काढल्या, ओढणी सारखी केली आणि हात जोडतच आत गेले. आत ना चौरंग, ना केळीचे खांब. एक साठीला टेकलेला सडपातळ माणूस कानाला स्क्रू-ड्रायव्हर लावून उभा. टेपरेकॉर्डरच्या काचेतून कॅसेटवरची अक्षरं स्पष्ट दिसत होती: श्री सत्यनारायण पूजा व कथा. आणि तिच्यातून कुणीतरी इंग्रजीत जीव खाऊन ओरडत होतं.

"अकरा मिनिटं," काकू म्हणाल्या. "चहा टाकते तोवर."

बरोबर अकरा मिनिटांनी, तिसरं गाणं ऐन रंगात आलेलं असताना, खट् आवाज झाला आणि सगळं थांबलं. काकांनी डोळे उघडले. कॅसेट काढली, उलटी केली, पुन्हा लावली. या बाजूनं गाणं एका ओळीच्या मध्यातूनच सुरू झालं, जणू कुणीतरी बोलत बोलतच घरात शिरलंय. आणखी अकरा मिनिटं. मग त्यांनी कापसाला स्पिरिट लावून टेपरेकॉर्डरचं हेड पुसलं, कॅसेट डबीत घातली, डबी लोखंडी कपाटात ठेवली, कपाटाला कुलूप लावलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बोला मॅडम."

मी काय बोलायला आले होते ते विसरून गेले होते.

काका सातपूरच्या एका कारखान्यात टूल-रूममध्ये होते. छत्तीस वर्षं. टूल-रूम म्हणजे जिथं यंत्रांचे साचे आणि हत्यारं बनतात ती जागा. तिथं केसाच्या जाडीची चूक म्हणजे घोडचूक. माणूस निवृत्त झाला तरी टूल-रूम निवृत्त झाली नाही. काकांच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या गोष्टी असतात: मापात असलेल्या आणि मापात नसलेल्या. काकूंची भाकरी मापात आहे. गल्लीत नव्यानं बसवलेले पेव्हर ब्लॉक मापात नाहीत, उतार सात मिलिमीटरनं उलटा आहे, हे त्यांनी महापालिकेला तीनदा लेखी कळवलं. माझ्या भावासाठी मुली बघणं चालू होतं तेव्हा एका मुलीचा फोटो पाहून ते म्हणाले, "मुलगी मापात आहे, पण तुमचा भाऊ तपासून घ्या."

स्क्रू-ड्रायव्हर हा त्यांचा दुसरा हात. मशीनचं बेअरिंग खराब होतंय का, हे जुने फिटर असंच ऐकतात म्हणे: टोक मशीनला, मूठ कानाला. काका असं काहीही ऐकतात. माझा मिक्सर ऐकून त्यांनी सांगितलं, हा दिवाळी काढणार नाही. त्यानं काढली नाही. माझी स्कूटर ऐकली, फ्रिज ऐकला, नळाचा पाइप ऐकला. एकदा माझ्या सासूबाईंच्या छातीत कफ झाला होता, तेव्हाही ते स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आले. काकूंनी दारातच तो काढून घेतला.

आणि एक वाक्य. उठताबसता. "दोनदा मोजा." मी पडद्याचं कापड आणायला निघाले, की भिंतीपलीकडून आवाज येणार, "मॅडम, खिडकी दोनदा मोजा!" दूधवाल्याला, गवंड्याला, वर्गातल्या मुलांचे मार्क मोजताना मला. मला वाटायचं, काही माणसांना जर्दा लागतो, यांना हे लागतं.

तर ती कॅसेट. तिची हकिगत मला हप्त्याहप्त्यानं कळली, कारण काका गप्पांमध्येसुद्धा मोजूनमापून बोलतात.

ते ट्रेनी म्हणून लागले तेव्हा सातपूरला एका खोलीत राहायचे. खोलीत जोडीदार होता चिंतामण भोये. पेठ तालुक्यातला, काकांच्याच वयाचा, टूल-रूममध्ये ग्राइंडरवर. दोघं एका रविवारी शालिमारला चपला घ्यायला गेले आणि कॅसेट घेऊन आले. कारण काय, तर कव्हरवर गिअरचं चित्र होतं. दोघांनी दुकानात उभं राहून गिअरचे दात मोजले.

"एकतीस होते," काकांनी मला सांगितलं. "आणि शेजारच्या गिअरशी जुळत नव्हते. काढणारा कधी कारखान्यात गेलेला नव्हता. म्हटलं, बघू तरी आत काय भरलंय."

आत एका परदेशी रॉक बँडचा अख्खा अल्बम भरला होता. बँडचं नाव मी इथं देत नाही. काकांची सक्त ताकीद आहे. "नाव छापलं की लोक फोनवर शोधतील, आणि पूर्ण ऐकतील," असं त्यांचं म्हणणं. पूर्ण ऐकण्यात वाईट काय, ते पुढं येईल.

इंग्रजी दोघांनाही येत नव्हतं. त्याची गरजही नव्हती. गाणारा चिडलेला आहे एवढं कळत होतं, आणि ते दोघंही त्या वयात बऱ्यापैकी चिडलेले होते. शिवाय ते संगीत कारखान्यात बरोबर बसायचं. पॉवर प्रेसच्या ठोक्यावर ड्रम, ग्राइंडरच्या किंचाळीवर गिटार. भोये ग्राइंडरवर उभा राहून सगळाच्या सगळा अल्बम म्हणायचा, एका शब्दाचाही अर्थ न कळता, पण श्वाससुद्धा त्या गायकासारखा घेऊन. दोन वर्षं रोज संध्याकाळी त्यांनी ती कॅसेट ऐकली. मग भोयेची नोकरी गेली, तो गावी निघाला आणि जाताना म्हणाला, "कॅसेटची वाटणी कर."

"का हो? भांडलात?" मी विचारलं.

"स्वभाव जुळेना. हेड साफ करायचा नाही तो."

आता कॅसेटची वाटणी म्हणजे कुणीही काय करेल? एकानं ठेवून घेईल, दुसऱ्याला नवी मिळेल. पण ही टूल-रूमची माणसं. शेताची करतात तशी रीतसर वाटणी झाली. वाटे पाडायचे एकानं, आधी उचलायचा दुसऱ्यानं. काकांनी कॅसेटचे पाच बारीक स्क्रू काढले, आतली फीत सोडवली, खोलीबाहेरच्या पडवीत या खांबापासून त्या खांबापर्यंत फेऱ्या मारत पोलादी टेपनं मोजली, आणि बरोबर मधोमध ब्लेडनं कापली. कपाटात त्याचं वाटणीपत्र आहे. मी ते पाहिलंय. सुबक ड्रॉइंग आहे, बाण काढलेले, खाली दोघांच्या सह्या. एकूण लांबी चौसष्ट मीटर बारा सेंटिमीटर. प्रत्येकी बत्तीस मीटर सहा सेंटिमीटर. साइड ए गांगुर्डे, साइड बी भोये.

मी गणिताची बाई. मला राहवलं नाही.

"पण काका, दोन्ही साइड एकाच फितीवर असतात ना? एक जाताना वाजते, एक येताना. मधोमध कापलं तर दोन्ही अर्ध्या होणार."

काकांनी वाटणीपत्राची घडी घातली. "ते कापल्यावर लक्षात आलं," ते म्हणाले.

"दोघांच्याही?"

"त्याला तरी आधी यायला हवं होतं."

तर असं झालं. काकांच्या वाट्याला आला अल्बमचा सुरुवातीचा तुकडा आणि अगदी शेवटचा तुकडा. मधला सगळा भाग भोयेकडे. कॅसेटचं मूळ कवच आणि गिअरचं कव्हरही भोयेला गेलं. काकांना प्लास्टिकची डबी आली. कवच म्हणून त्यांनी घरमालकाची सत्यनारायणाची बिघडलेली कॅसेट रिकामी केली. तेव्हापासून चाळीसहून जास्त वर्षं ते सुरुवात आणि शेवट ऐकताहेत.

हे कळल्यावर मी जे कुणीही केलं असतं तेच केलं. फोन काढला, अर्ध्या मिनिटात तो अल्बम शोधला आणि तिसरं गाणं मध्यापासून लावलं. काकांनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

"बंद करा! तो भोयेचा हिस्सा आहे!"

दुसऱ्याच्या शेतात आपलं जनावर शिरावं तसे ते ओशाळले होते. त्यानंतर पंधरा दिवस ते माझ्या फोनकडे संशयानं बघायचे.

"काका, अहो, जगात लाखो लोकांनी ऐकलंय ते."

"ते त्यांचं बघतील. आमची वाटणी झालीय."

यापुढं काही बोलण्यात अर्थ नव्हता. मी त्या अकरा मिनिटांना सरावले. गल्लीच सरावली. रविवारी मी कपडे वाळत घालत असले, की तिसऱ्या गाण्याच्या त्या जागी माझा हात आपोआप थांबायचा आणि खट् झालं की पुढचा चिमटा लागायचा.

गेल्या दसऱ्याच्या आधीच्या एका रविवारी खट् झालं, आणि पुढं काहीच झालं नाही. कॅसेट उलटली गेली नाही. मी डोकावले. काका स्क्रू-ड्रायव्हर कानामागं लावून, डोळे मिटून तसेच उभे होते. टेप कधीच थांबली होती. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी मला खुणेनं गप्प राहायला सांगितलं, पुढं जाऊन कॅसेट उलटी केली आणि बटण दाबलं. मग मला बाहेर घेऊन आल्या.

"वर्षभर चाललंय," त्या म्हणाल्या. "मी बोलत नाही. त्यांना वाटतं, आपण स्क्रू-ड्रायव्हरनं भागवतोय ते कुणाच्या लक्षात येत नाही."

बारा वर्षं मी ज्याला सवय म्हणत होते, त्यातलं निदान शेवटचं वर्ष तो नाइलाज होता. मला माझीच लाज वाटली.

कानाच्या तपासणीला मी बरोबर गेले. काचेच्या बंद खोलीत बसवल्यावर काकांनी आधी त्या यंत्राचं कॅलिब्रेशन कधी झालंय ते विचारलं. निकाल अपेक्षित होता. मशीनच्या आवाजात आयुष्य गेलं की कान असेच जातात, आणि उरलेलंही हळूहळू जाणार. श्रवणयंत्र घ्या, बोलणं कळेल. गाणं फारसं नाही कळणार.

त्या संध्याकाळी काका आमच्याकडे आले. खुर्चीवर बसले. खुर्ची डुगडुगते हेसुद्धा त्यांनी सांगितलं नाही.

"मॅडम, तिसऱ्या गाण्याचं पुढचं मला आठवत नाही."

"कधीपासून?"

"बरीच वर्षं झाली. शेवट ऐकतो, पण तिथवर पोचायचं कसं ते गेलंय डोक्यातून. आता कान आहेत तोवर एकदा ऐकायचंय."

मी फोनकडे हात नेला. त्यांनी मान हलवली.

"हिस्सेदाराची परवानगी लागेल. तुमची गाडी पेठला जाईल का?"

भोयेचं गाव त्यांना ठाऊक होतं. इतक्या वर्षांत पत्र नाही, फोन नाही, पण पेठच्या अलीकडं कुठं आत वळायचं ते तोंडपाठ. दसऱ्यानंतरच्या शनिवारी आम्ही निघालो. काकूंनी चिवड्याचा डबा दिला आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "काही बोलले नाहीत तरी रागवू नका. तिथं जायचं म्हणून तीन वेळा निघाले होते, तिन्ही वेळा बसस्टँडवरून परत आले."

पिशवीत स्क्रू-ड्रायव्हर, खिशात सत्यनारायण. सावळघाटात एका वळणावर काकांनी गाडी बाजूला घ्यायला सांगितली. मला वाटलं, इंजिन ऐकायचं असेल. ते जागचे हलले नाहीत.

"आम्ही भांडलो नव्हतो," समोर बघत ते म्हणाले. "हेड वगैरे काही नाही. एक पंच होता. पत्र्याला भोक पाडायचा पोलादी ठोकळा. चोवीस मिलिमीटरचा करायचा होता. ग्राइंडरवर भोये, मोजायला मी. मी मायक्रोमीटर लावला आणि सांगितलं, चोवीस पूर्णांक सत्तर आहे. होता चोवीस पूर्णांक वीस. अर्ध्या मिलिमीटरची एक रेघ असते, ती दिसायच्या आधीच मी धरली. नवशिका करतो ती चूक. भोयेनं सत्तर घासून काढलं. पंच अर्धा मिलिमीटर कमी भरला, बाद झाला. चार दिवसांचं काम."

"पण घासायच्या आधी त्यानं स्वतः मोजलं नाही?"

"माझं माप तो कधीच पुन्हा मोजत नव्हता."

खालून एक जीप चढत आली, गेली.

"फोरमननं विचारलं, कुणी मोजलं? मी खाली बघत राहिलो. भोयेनं माझ्याकडे बघितलं, आणि तोही काही बोलला नाही. आम्ही दोघंही टेम्पररी होतो. महिन्यानं त्याला काढलं आणि मला पर्मनंट केलं."

बारा वर्षं मी त्यांच्या 'दोनदा मोजा'वर हसत होते, शाळेत जाऊन त्याची नक्कल करून दाखवत होते. आता मला त्यांचा रागही आला आणि कीवही आली, आणि त्यांतलं जास्त कोणतं ते काही मला ठरवता येईना. मी गाडी सुरू केली.

भोये शेतावर होता. भात कापणीला आलेलं. शेताच्या टोकाला तीन बायका विळे घेऊन बसल्या होत्या. भोये म्हणजे काळा, काटक, पांढऱ्या मिश्यांचा माणूस, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. तो बांधावर उभा राहून आमच्याकडे बघत राहिला. काका जवळ गेले तरी बघतच राहिला. मग त्याची नजर पिशवीतून डोकावणाऱ्या लाकडी मुठीवर गेली.

"शंकर? डायवर अजून त्योच?"

"तोच. मूठ दोनदा बदलली."

काय करावं ते सुचेना म्हणून काका शेत बघायला लागले, आणि मग मलाही दिसलं. शेताच्या कडेनं बांबू रोवले होते, आणि या बांबूपासून त्या बांबूपर्यंत काळपट तपकिरी फीत ताणली होती. उन्हात चकाकत होती, वाऱ्यानं भुणभुणत होती.

"भोये, ही..."

"हां. तीच. माझा वाटा."

"उघड्यावर?" काकांचा आवाज चढला. "वाटणीतला माल, भोये! पावसात, उन्हात! मी डबीत ठेवलाय, स्पिरिटनं हेड पुसतो दर आठवड्याला, आणि तू..."

"टेप मेला माझा, लय वरसं झाली. मंग डबीत ठिवून काय करू? हितं लावली. पाखरं येत नाय. आन वारा आला का वाजती तरी." भोये शांतपणे म्हणाला. "भात निघालं का गुंडाळून ठिवतो, पुढल्या साली परत लावतो. तुटून तुटून बारा वाव राह्यली आसंल." त्यानं दोन्ही हात पसरून माप दाखवलं.

काका बांबूपाशी गेले, पिशवीतून स्क्रू-ड्रायव्हर काढला, टोक बांबूला टेकवलं, मूठ कानामागं लावली, डोळे मिटले. कापणाऱ्या बायका विळे खाली ठेवून बघायला लागल्या.

"वाजतंय," काका बऱ्याच वेळानं म्हणाले.

"मापात हाय का?"

काकांनी डोळे उघडले नाहीत. तसेच, बांबूला लागूनच, म्हणाले, "तो पंच. माप माझं चुकलं होतं."

"ठावं हाय. तवाच ठावं झालं."

"मग बोलला का नाहीस?"

भोयेनं एक लोंबी तोडली, तळहातावर चोळली, दाणे फुंकून बघितले. "तू बोलशील म्हणून थांबलो," तो म्हणाला. "म्हयनाभर थांबलो. मंग म्हनलं, जाऊ दे, आपलं शेत हाय."

वारा पडला तशी फीत भुणभुणायची थांबली. काकांची मूठ मात्र कानामागंच होती. त्यांना काय ऐकू येत होतं कुणास ठाऊक. भोयेनं पुढं होऊन त्यांच्या हातातून स्क्रू-ड्रायव्हर काढून घेतला आणि स्वतःच पिशवीत ठेवला.

"लय येळ लावला पण, शंकर."

"हो," काका म्हणाले.

घरी चहा झाला. नागलीची भाकरी झाली. सुना-नातवंडांची चौकशी झाली. निघताना काकांनी घसा साफ केला आणि रीतसर विचारलं, "तुझ्या वाट्याचं मला एकदा ऐकायचंय. मॅडमच्या फोनवर आहे. तुझी परवानगी पाहिजे."

"नाय," भोये म्हणाला.

"नाही?"

"फोनवरचं ते आपलं नाय. ते कुनाचं भी आसंल."

"बरोबर आहे," काका म्हणाले आणि गाडीत बसले. भोयेनं नातवाच्या वहीचा कागद फाडून त्यावर आपला नंबर लिहिला, काकांनी तो दोनदा वाचून दाखवला, आणि आम्ही परतलो. सबंध रस्ता मी मनातल्या मनात भोयेवर चरफडत होते. साठ किलोमीटर गाडी हाकून गेलो, या माणसाचे कान चाललेत, आणि यानं काय द्यावं, तर नकार! काका मात्र कोटंबीच्या घाटापर्यंत जागे होते, पुढं झोपले.

दुसऱ्या दिवशी रविवार. दहा वाजले. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. खाली टेप सुरू झाला, समोरची मांजर नेहमीप्रमाणे वर आली. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. तिसरं रंगात आलं, ती जागा आली, माझा हात थांबला. खट्.

आणि गाणं पुढं चालू राहिलं.

गिटार नव्हती, ड्रम नव्हते. एका म्हाताऱ्या माणसाचा खरखरीत आवाज होता. शब्द इंग्रजी नव्हते, मराठी नव्हते, कुठलेच नव्हते. पण चाल पक्की होती, आणि दर ओळीआधी श्वास घेतलेला ऐकू येत होता. जिथं गिटार असायला हवी तिथं तो तोंडानं ग्राइंडरसारखा किंचाळत होता. मी हातातली चादर तशीच टाकून खाली धावले.

हॉलच्या दारात काकू लाटणं हातात धरून उभ्या होत्या. आत टेबलावर काकांचा मोबाइल, शेजारी भोयेच्या नंबरचा कागद, स्पीकर पूर्ण मोठा केलेला. मोबाइलवर स्क्रू-ड्रायव्हरचं टोक, मूठ कानामागं, डोळे मिटलेले. काकांचा डावा अंगठा मांडीवर ताल धरत होता. तिसरं गाणं संपलं. भोयेनं तिकडं घोटभर काहीतरी प्यायल्याचा आवाज आला आणि चौथं सुरू झालं.

फोनवर मी हेच गाणं कित्येकदा ऐकलं होतं, साफ, स्वच्छ, एकही खरखर नसलेलं. तेव्हा ते मला कधी आवडलं नव्हतं. आता मी दारात उभी राहून ऐकत होते आणि ते संपू नये असं मला वाटत होतं.

चौथ्याच्या मध्यावर आवाज तुटला. पेठकडची रेंज. मोबाइलवरचा दिवा विझला. काकांनी डोळे उघडले, पण स्क्रू-ड्रायव्हर हलवला नाही.

"कट झालाय, काका," मी जवळ जाऊन मोठ्यानं म्हणाले. "आणा इकडं, परत लावून देते."

"नको मॅडम."

"अहो, त्यांना कळलंही नसेल. तिकडं ते गातच असतील."

"कळेल त्याला. लावेल तो." काकांनी मूठ कानामागं नीट बसवली. "तो महिनाभर थांबला होता. मला थांबता येतं."

काकू आत जाऊन भाकरी उलटून आल्या. पाच मिनिटं गेली असतील, सहा गेली असतील. मी घड्याळ बघितलं नाही. मग टेबलावरचा मोबाइल थरथरला, काकांनी बटण दाबलं, आणि हॅलो न म्हणता भोयेनं तुटलं होतं तिथून पुढं म्हणायला सुरुवात केली.